'स्ले' म्हणजे ठार मारणे की कमाल करणे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या सरकारी मराठी शाळेत चौथी झालेली आपली मुलं पाचवीला इंग्रजी माध्यमात बसतात. तिथून पुढे इंग्रजी त्यांना दोन तोंडांनी भेटते, एक पुस्तकातून आणि दुसरं मोबाइलवरच्या रील्समधून. 'स्ले' या शब्दावर ही दोन तोंडं अगदी उलट बोलतात. म्हापशापासून काणकोणपर्यंतचे पालक, प्राथमिकच्या बाई, हॉटेलांत काम करणारी मुलं आणि बातम्यांचं भाषांतर करणारे या शब्दाबद्दल पुन्हा पुन्हा तेच प्रश्न पाठवतात. ते प्रश्न इथे उत्तरांसकट दिले आहेत.

१. मुलगी दिवसभर 'स्ले, स्ले' करते. डिक्शनरीत तर 'ठार मारणे' दिलंय. खरा अर्थ कुठला?

दोन्ही खरे. जुना अर्थ हिंसेने जीव घेणे. या अर्थाने तो पुराणकथा, धर्मग्रंथ, युद्धाची वर्णनं आणि वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत येतो. रोजच्या बोलण्यात इंग्रज माणूससुद्धा खुनाबद्दल बोलताना 'किल' किंवा 'मर्डर' म्हणतो. 'स्ले' भारदस्त आहे, जरा पोथीतला वाटतो.

दुसरा अर्थ बोलीतला आणि कौतुकाचा आहे. एखाद्याने भन्नाट नाच केला, झकास कपडे घातले, तोंडी परीक्षेत बाईंना गप्प केलं, की त्याने 'स्ले' केलं. तुम्ही चवथीला नऊवारी नेसून उभ्या राहिलात आणि लेक 'आई, स्ले!' म्हणाली, तर ती म्हणतेय की आई, आज तुझ्यापुढे कोणी नाही. मोठे इंग्रजी शब्दकोश आता हाही अर्थ देतात. घरातली डिक्शनरी जुनी असेल तर त्यात तो सापडणार नाही.

२. उच्चार 'स्ले' की 'स्लाय'?

'स्ले'. 'प्ले' आणि 'डे' सारखा. स्पेलिंग एस, एल, ए, वाय. 'स्लाय' हा वेगळा शब्द, त्याचा अर्थ लबाड किंवा धूर्त. मैत्रिणीच्या फोटोखाली ए गळून 'स्लाय' पडलं तर कौतुकाची शिवी होईल.

३. एकाच शब्दाचे इतके उलटे अर्थ झाले तरी कसे?

आपल्या 'मारणे' या क्रियापदाकडे पाहा. उंदीर मारतात, हाक मारतात, डोळा मारतात, षटकार मारतात, मैदान मारतात, बाजी मारतात. 'मैदान मारलं' म्हणताना कुणी मेलं असं आपल्या मनातही येत नाही. 'स्ले' ची वाटचाल अगदी अशीच आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा मूळ अर्थ नुसता फटका मारणे होता. जर्मन भाषेतला त्याचा भाऊ 'श्लागेन' आजही तोच अर्थ सांभाळून आहे. घणाला म्हणतात त्या 'स्लेजहॅमर'मधला 'स्लेज' आणि कत्तलीचा 'स्लॉटर' हेही त्याच कुळातले. इंग्रजीत फटका हळूहळू जिवावर बेतला आणि 'स्ले' म्हणजे ठार मारणे असं ठरून गेलं.

मग विनोद आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत अमेरिकेत लोक 'यू स्ले मी' म्हणू लागले, म्हणजे हसवून मारलंस रे. आपणही 'हसून हसून मेलो' म्हणतोच. शिवाय 'कातील' पाहा. अरबीतून आलेला हा शब्द मुळात खुनी माणसाचा, पण 'काय कातील दिसतेय' हे वाक्य मराठीत कौतुकाचंच आहे. 'घायाळ', 'खल्लास', 'जीवघेणी अदा' हे सगळे त्याच घरचे. त्यामुळे 'स्ले'चा खेळकर अर्थ मराठी माणसाला विचित्र वाटायचं कारण नाही. मरण आणि सौंदर्य यांची ही सांगड आपल्या लावणीने फार आधी घातली आहे.

आजचा नेमका अर्थ, म्हणजे थाटात येऊन सगळ्यांना गार करणे, कुठून आला ते प्रश्न ४ मध्ये आहे.

४. हा शब्द तृतीयपंथी आणि समलिंगी लोकांचा आहे, असं कुणीतरी सांगितलं. खरं का?

खरं आहे, आणि मुलांना तसं सरळ सांगावं. न्यूयॉर्कमध्ये, विशेषतः हार्लेम भागात, कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी समलिंगी व तृतीयपंथी लोक 'बॉल' नावाच्या स्पर्धा भरवत. त्यात वेश, चाल, नाच आणि ऐट यांना गुण मिळत. घरून हाकललेल्या, बाहेर हिणवलेल्या माणसांना तिथे राजाराणीसारखं चालता येई. १९७० आणि १९८० च्या दशकांत तिथे घडलेल्या बोलीत आपल्या रुबाबाने समोरच्याला चीत करणे म्हणजे 'स्ले'. २०१६ मध्ये बियॉन्सेच्या एका गाण्यामुळे तो जगभर पोचला आणि रील्समुळे आपल्या डिचोली-सांग्यापर्यंत आला.

काही पालक हे कळल्यावर मुलांना शब्द टाकायला सांगतात. मला ते मुळीच पटत नाही. ज्यांना सगळ्यांनी खाली पाहायला लावलं त्यांनी ताठ मानेने उभं राहण्यासाठी हा शब्द घडवला. तो वापरणाऱ्या मुलाला त्याचं मूळ माहीत असावं, आणि त्या माणसांबद्दल आदरही असावा.

५. म्हणजे हा वाईट शब्द नाही? घरात, शाळेत बोलू द्यावा?

शिवी नाही, अश्लील नाही. बोलू द्या. मैत्रिणीच्या भरतनाट्यमला, फुटबॉलच्या गोलला, भावाच्या नव्या केशरचनेला खुशाल म्हणावा.

एकच जागा कायम वर्ज्य: जिथे मरण आहे तिथे खेळकर 'स्ले' नको. गावात कुणी गेलं असताना, अपघाताच्या बातमीखाली, श्रद्धांजलीच्या फोटोवर हा शब्द दिसला तर वाचणाऱ्याला आधी जुनाच अर्थ आठवतो आणि जिव्हारी लागतो. मेलेल्या नटाच्या गाजलेल्या भूमिकेबद्दलसुद्धा त्या आठवड्यात दुसरा शब्द शोधावा. मोठ्या माणसांसमोर, मुलाखतीत, अर्जात तो उथळ वाटतो, पण तो केवळ औपचारिकतेचा भाग आहे.

६. भूतकाळ कसा करायचा? 'स्लेड', 'स्लू' आणि 'स्लेन' तिन्ही वाचलेत.

या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. ठार मारण्याच्या अर्थाने रूपं अशी: स्ले, स्लू, स्लेन. कृष्णाने नरकासुराला 'स्लू' केलं. नरकासुर 'वॉज स्लेन'. खेळकर अर्थाने भूतकाळ साधा, 'स्लेड'. 'शी स्लेड' म्हणजे तिने कमाल केली.

'स्लेन'ला खेळकर अर्थ सहसा लागत नाही. हे रूप दिसलं की कुणाचा तरी जीव गेला आहे असं समजायचं. उलट बाजूला थोडी ढिलाई आहे, मारण्याच्या अर्थानेही काही जण 'स्लेड' लिहितात. पण आज ते लिहू नये. का, ते या उदाहरणावरून कळेल.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. पेडण्यातल्या पत्रादेवीला त्यांचं हुतात्मा स्मारक आहे. शाळेतल्या इंग्रजी निबंधात हा प्रसंग येतोच, आणि वहीत वाक्य असतं: 'द सत्याग्रहीज वेअर स्लेड बाय द पोर्तुगीज'. मुलाने नियम लावला, शेवटी 'ड' जोडला. व्याकरणाची चूक लहान आहे. पण आजच्या वाचकाच्या कानात 'स्लेड' रील्सचा सूर घेऊन येतो, आणि हुतात्म्यांच्या वाक्यात तो सूर शिरणं सहन होत नाही. तिथे 'वेअर स्लेन' हवं, किंवा साधं 'वेअर शॉट डेड'. मुलाला रागावू नका, त्याला फरक सांगा. एकदा कळला की तो विसरत नाही.

७. आमच्या नरकासुराच्या फोटोखाली कुणीतरी 'युअर नरकासुर स्लेड' लिहिलं. नरकासुराने मारलं की नरकासुराला मारलं?

दोन्हीपैकी काहीच नाही. तुमचा नरकासुर जबरदस्त झाला, एवढंच त्याने म्हटलं. कर्ता नरकासुर आणि पुढे कर्म नाही, म्हणून हा खेळकर अर्थ. जुन्या अर्थाला कर्म लागतंच, कुणाला मारलं ते सांगावं लागतं. खेळकर 'स्ले' कर्माशिवाय एकटा उभा राहतो, नुसता उद्गार म्हणूनही.

नरकचतुर्दशीची आदली रात्र हा शब्द शिकवायला गोव्यातली उत्तम वेळ आहे, कारण त्या रात्री दोन्ही अर्थ एकाच पुतळ्याला लागतात. पोरं कितीतरी दिवस सांगाड्याला सुकं गवत बांधत असतात, वर कागद चिकटवतात, मुखवट्याला रंग देतात. सुळे बाहेर, बुबुळं लाल. रात्री वाड्यावाड्यावर दिवे आणि ढणढणती गाणी, स्पर्धेचे परीक्षक येऊन जातात, लोक मध्यरात्रीपर्यंत एका नरकासुराकडून दुसऱ्याकडे फिरतात. तोवर तो 'स्ले' करतो, म्हणजे मिरवतो, डोळे दिपवतो. पहाटे कृष्ण येतो, पोटातले फटाके फुटतात, गवत पेटतं. आता तो 'स्लेन'. मग घरी तेल-उटणं, पायाखाली कारीट आणि पानात फोव. मुलाला रात्री अकराला एक वाक्य आणि पहाटे पाचला दुसरं वाक्य करायला सांगा. व्याकरणाच्या पुस्तकाची गरज पडणार नाही.

८. इंग्रजी बातमीत 'स्लेन' कुणाला म्हणतात? अपघातात गेलेल्यालाही?

नाही. रस्त्यावरचा अपघात, बुडणं, आजार, वीज पडणं यात गेलेला माणूस 'स्लेन' नसतो. कुणीतरी हिंसेने मारलेलं असावं लागतं: चकमकीत पडलेला जवान, हल्ल्यात मारलेला पत्रकार, पोलिसांच्या गोळीने मेलेला दहशतवादी. मथळ्यात हा शब्द आवडतो कारण तो आखूड आहे, पाच अक्षरांत काम होतं. अमेरिकी वर्तमानपत्रं खुनाला 'स्लेइंग' असं नामही वापरतात. आपल्याकडे ते क्वचित दिसतं.

९. 'स्लेन'चं मराठी काय करायचं? 'वध' चालेल?

जपून. मराठीत मारण्याच्या शब्दांना बाजू असते आणि 'स्लेन'ला ती नसते. 'वध' म्हणताच मारणारा बरोबर आणि मरणारा दुष्ट असं ठरून जातं. कंसवध, नरकासुरवध, दशावतारात संकासुराचा वध. चकमकीच्या बातमीत 'वध' लिहिलं तर तुम्ही बातमी सोडून निकाल देऊ लागलात. जवानासाठी 'वीरमरण आलेला' किंवा 'हुतात्मा', पत्रकारासाठी 'हत्या झालेला', दहशतवाद्यासाठी 'ठार झालेला' असं वाक्यागणिक निवडावं लागतं. सगळ्यात निर्लेप 'मारला गेलेला'. शंका आली की तो घ्यावा.

गंमत अशी की कायद्याच्या मराठीत 'वध' बाजू सोडून येतो: 'सदोष मनुष्यवध'. तिथे तो पारिभाषिक शब्द आहे, त्याचा हा पौराणिक सूर लागत नाही.

१०. पोलीस तक्रारीत किंवा कोर्टाच्या इंग्रजी कागदात 'स्ले' लिहिता येईल?

लिहू नये. भारतीय कायद्यात तो नाही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत 'कल्पेबल होमिसाइड' (सदोष मनुष्यवध) आणि 'मर्डर' (खून) हे शब्द आहेत आणि दोहोंत शिक्षेचा फरक आहे. खुनाची शिक्षा तिच्या कलम १०३ मध्ये आहे, पूर्वी ती दंडसंहितेच्या ३०२ मध्ये होती. जबाबात काय झालं ते साध्या शब्दांत सांगावं, नाव कायदा देईल.

११. ख्रिस्ती मैत्रिणीबरोबर इंग्रजी मिसाला गेले होते. तिथे 'लॅम्ब दॅट वॉज स्लेन' ऐकलं. मुलं हसली. काय सांगू त्यांना?

की तिथे अर्थ गंभीर आहे आणि पवित्र आहे. बायबलच्या शेवटच्या ग्रंथात, प्रकटीकरणाच्या पाचव्या अध्यायात, येशूला वध झालेल्या कोकराची उपमा दिली आहे. १६११ च्या जुन्या इंग्रजी भाषांतरात 'स्ले' आणि 'स्लेन' पानोपानी सापडतात. त्यातल्या ईयोब नावाच्या भक्ताचं प्रसिद्ध वाक्य आहे, 'दो ही स्ले मी, येट विल आय ट्रस्ट इन हिम': त्याने मला मारलं तरी माझा त्याच्यावर भरवसा राहील. हे 'स्ले मी' आणि प्रश्न ३ मधलं विनोदाचं 'स्ले मी' शब्दाने एकच, वजनाने किती वेगळं. मुलांना दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून वाचून दाखवा, हसणं आपोआप थांबेल.

१२. कांदोळीला हॉटेलात रिसेप्शनवर आहे. एक पाहुणी चेकआउट करताना 'यू गाइज स्लेड' म्हणाली. तक्रार होती का?

कौतुक होतं. 'थँक यू सो मच' आणि एक हसू पुरे. तुम्ही उलट तिला 'यू स्लेड टू' म्हणू नका, ते जवळीक घेतल्यासारखं होतं. एखाद्या पाहुणीच्या कपड्यांबद्दल तर अजिबात नको. खेळकर 'स्ले'मध्ये दिसण्याचं कौतुक फार असतं, आणि अनोळखी बाईच्या दिसण्यावर बोलणं कुठल्याही भाषेत धोक्याचंच. तिने लिहून अभिप्राय दिला असेल तर तो मॅनेजरला दाखवा, तुमच्या नावावर जमा होऊ दे.

१३. मग 'स्ले क्वीन' म्हटलं तर आणखी मोठं कौतुक ना?

ऐकणारी कोण यावर आहे. मैत्रिणी-मैत्रिणींत कौतुक. पण दक्षिण आफ्रिका, केनिया अशा देशांत 'स्ले क्वीन' हा टोमणा आहे: दुसऱ्याच्या पैशावर ऐट करणारी, दिखाऊ तरुणी. गोव्यात जगभरचे लोक येतात, म्हणून अनोळखी व्यक्तीला हे म्हणू नये. सामान्य 'स्ले'चे नियम प्रश्न ५ मध्ये आहेत.

१४. नाताळात टी-शर्टवर 'स्ले' वेगळ्याच स्पेलिंगने दिसतो, एस-एल-ई-आय-जी-एच. चूक आहे का?

चूक नाही, कोटी आहे. हा 'स्ले' म्हणजे सांताक्लॉजची बर्फावर घसरणारी गाडी. डच भाषेतून आलेला हा शब्द आपल्या 'स्ले'चा नातेवाईकही नाही, फक्त उच्चार सारखा. टी-शर्टवाले त्यातून 'दिवसभर कमाल करू' असं सुचवतात. ऐकून लिहिण्याच्या परीक्षेत मात्र वाक्यात रेनडिअर किंवा बर्फ आहे का ते बघून स्पेलिंग ठरवा.

१५. पेपरात 'अ स्लू ऑफ मेजर्स' वाचलं. उपाययोजनांचा खून?

उपायांची रांग. 'अ स्लू ऑफ' म्हणजे पुष्कळ, ढीगभर. आयरिश भाषेतल्या जमावाच्या शब्दावरून तो आला. प्रश्न ६ मधल्या 'स्लू'शी फक्त दिसण्याचं साम्य. आधी 'अ' आणि नंतर 'ऑफ' असेल तर कुणी मेलेलं नाही.

१६. 'यू किल्ड इट' म्हणजे कौतुक. मग गाणं छान झालं तर 'यू मर्डर्ड इट' म्हणू?

कृपा करून नको! 'यू मर्डर्ड दॅट साँग' म्हणजे गाण्याची वाट लावलीस. 'बुचर्ड' म्हणजेही वाट लावली, बहुतेकदा उच्चारांची किंवा भाषांतराची. 'स्ले' आणि 'किल' कौतुकाकडे वळले, 'मर्डर' आणि 'बुचर' निंदेकडे. रंगमंचावर आणखी घोळ आहे: विनोदवीर 'बॉम्ब्ड' किंवा 'डाइड' म्हणजे पडला, लोक हसलेच नाहीत. पण अमेरिकी बोलीत एखादी गोष्ट 'द बॉम्ब' असेल तर ती फर्मास, आणि इंग्लंडात एखादा प्रयोग 'वेंट लाइक अ बॉम्ब' म्हणजे जोरात चालला. याला नियम नाही. प्रत्येक शब्द वाक्यासकट पाठ करावा लागतो. नवीन शिकणाऱ्याने कौतुकासाठी 'ब्रिलियंट' धरून ठेवावा, तो कधी दगा देत नाही.

१७. हे सगळं करण्यापेक्षा मराठीत काही नाही का?

भरपूर आहे. मैदान मारलंस, फोडलंस, तोडलंस, कडक, नाद खुळा, कातील, एक नंबर. कोंकणीत दिसण्याच्या कौतुकाला 'सोबीत' इतका गोड शब्द आहे की तो टाकून 'स्ले' घ्यावा असं मला कधी वाटलं नाही. पण मुलं मित्रांची भाषा बोलणार, ते त्यांचं वय आहे. घरात आपण आपले शब्द तितक्याच हौसेने वापरत राहावे. आजी 'कातील' म्हणाली की नात तो उचलतेच.

१८. मी नववीला इंग्रजी शिकवते. पेपरात खेळकर अर्थाने 'स्ले' आला तर गुण कापू?

कुठे आला ते बघा. मित्राला पत्र, संवादलेखन, डायरीचं पान असेल तर तो तिथे शोभतो. अर्थ बरोबर असेल तर पूर्ण गुण द्यावे असं माझं मत आहे. मुख्याध्यापकांना अर्ज, वृत्तलेखन, औपचारिक भाषण यात आला तर शैलीचा गुण जाऊ द्या, पण समासात कारण लिहा: 'हा बोलीतला शब्द, इथे एक्सेल्ड हवा.' नुसती लाल रेघ मारली तर मुलाला वाटतं की आपल्याला अर्थच माहीत नाही, आणि त्याला अर्थ माहीत असतो. हुतात्म्यांबद्दलच्या वाक्यात 'स्लेड' आला तर मात्र वर्गात थांबून प्रश्न ६ मधली तिन्ही रूपं फळ्यावर लिहा.